अपंगत्वाचे प्रमाणपत्र एका देशाचे, मदत दुसऱ्या देशाची: पात्रता नेमकी कशावर ठरते?

प्रश्न : आरोहिणी

सर्वांना नमस्कार. मला काही वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मेंदू आणि मज्जारज्जू यांचा आजार आहे. या आजारात प्रकृती सारखी राहत नाही. काही आठवडे मी काठीच्या आधाराने चालते, कामही करते, आणि मग एखादा झटका आला की पाय, हात आणि दृष्टी यांपैकी कशावर भरवसा ठेवावा हेच कळत नाही. माझ्याकडे 60 टक्के कायमस्वरूपी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र, आहे. भारतात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत हा आजार येतो आणि 40 टक्क्यांपासून लागू होणाऱ्या सवलती मला मिळतात. केंद्राच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी मात्र 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा दोन्ही अटी आहेत, त्यामुळे ते मला लागू होत नाही.

माझ्या पतींना त्यांच्या कंपनीने ब्रिटन, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया यांपैकी एका ठिकाणी जाण्याबद्दल विचारले आहे. मी त्यांच्यावर अवलंबून असलेली जोडीदार म्हणून जाईन; तिथे नोकरी मिळाली तर करीनही. भत्ता पाहून देश निवडावा असा आमचा हेतू नाही. परंतु माझी प्रकृती अचानक ढासळली किंवा पतींची नोकरी गेली, तर कोणत्या देशात कोणता आधार उरतो, हे निघण्यापूर्वी माहीत असावे असे मला मनापासून वाटते. माझ्या प्रमाणपत्रावरील टक्केवारीला तिथे काही अर्थ आहे का? जोडीदाराच्या व्हिसावर असताना अर्ज करता येतो का? आणि जो आजार कधी दिसतो, कधी दिसत नाही, त्याचे मूल्यमापन हे देश कसे करतात? सरकारी संकेतस्थळांवर प्रत्येक योजनेची माहिती सुटी सुटी मिळते. ती एकत्र कशी वाचावी हे मला उमगत नाही.

प्रतिसाद : पाऊलवाट

आरोहिणीताई, मी ब्रिटनमध्ये एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक आहे आणि अपंगत्वाचे अर्ज भरायला लोकांना मदत करतो, त्यामुळे येथील नियम सविस्तर लिहितो.

आधी प्रमाणपत्राविषयी. एका देशाने ठरवलेली टक्केवारी दुसरा देश पैसे देण्यासाठी ग्राह्य धरत नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये सामायिक अपंगत्व कार्डाचा कायदा केला, पण तोही अल्पकाळ दुसऱ्या सदस्य देशात गेलेल्या व्यक्तीला प्रवेश, वाहतूक, वाहनतळ अशा सवलती मिळाव्यात यापुरता आहे. सामाजिक सुरक्षेच्या भत्त्यांना त्यातून वगळले आहे. तुमचे प्रमाणपत्र वैद्यकीय पुरावा म्हणून उपयोगी आहेच, फक्त त्यावरील आकड्याने निर्णय होणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लोक ‘माझे अपंगत्व पुरेसे आहे का?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात, पण बहुतेक अर्ज त्याच्या कितीतरी आधी अडतात. कोणताही देश प्रथम विचारतो, तुम्ही कोणत्या नात्याने मागत आहात? पगारातून विम्याची वर्गणी भरली म्हणून, उत्पन्न आणि मालमत्ता अपुरी आहे म्हणून, की अपंगत्वामुळे रोजचा खर्च वाढतो म्हणून? या तिन्ही वाटांच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या सगळ्यांच्या तोंडाशी व्हिसा व वास्तव्य यांचा प्रश्न उभा असतो. शरीराची तपासणी त्यानंतर येते.

ब्रिटनमधील मुख्य भत्ता म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, ज्याला सगळे पिप म्हणतात. 2013 पासून त्याने प्रौढांसाठीच्या जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सची जागा घेतली. स्कॉटलंडमध्ये 2022 पासून स्वतंत्र भत्ता आहे. पिपला उत्पन्नाची अट नाही, नोकरी करणाऱ्यालाही तो मिळतो. माझ्या मते ही त्यातील सर्वांत न्याय्य गोष्ट आहे, कारण अपंगत्वामुळे वाढणारा खर्च पगार मिळू लागला म्हणून थांबत नाही. मूल्यमापनात आजाराच्या नावाला गुण नसतात. दैनंदिन जीवनाच्या दहा आणि हालचालीच्या दोन कृती तपासल्या जातात: स्वयंपाक, खाणे, औषधे घेणे, अंघोळ, कपडे घालणे, वाचणे, पैशांचे निर्णय घेणे, ठरलेल्या जागी पोहोचणे, चालणे आणि अशाच इतर. एका विभागात 8 गुण झाले तर साधा दर आणि 12 झाले तर वाढीव दर मिळतो. अडचण आधीचे तीन महिने असायला हवी आणि पुढे नऊ महिने राहण्याची शक्यता हवी.

चढउताराच्या आजाराबद्दल नियम स्पष्ट आहे. बारा महिन्यांच्या काळात निम्म्याहून अधिक दिवस एखादी अडचण येत असेल, तर ती धरली जाते. शिवाय एखादी कृती ‘जमते’ म्हणायची असेल तर ती सुरक्षितपणे, नीट, हव्या तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमायला हवी; निरोगी माणसाला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळेच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असेल, तर ती वाजवी वेळेत जमत नाही असे मानतात. हा नियम अर्जदारांना क्वचितच माहीत असतो. ‘चालता येते का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘हो, हळूहळू’ असे उत्तर देतात आणि तिथेच गुण गमावतात.

आता व्हिसा. पतींचा कामाचा व्हिसा आणि तुमचा जोडीदाराचा व्हिसा या दोन्हींवर सरकारी निधीतून मदत घेता येणार नाही अशी अट असते, आणि पिप त्या यादीत आहे. चुकूनही अर्ज करू नका. पुढच्या व्हिसावर त्याचा परिणाम होऊ शकतो. कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर ही अट सुटते. मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षे देशात राहिल्याची अट तोपर्यंत आपोआप पूर्ण झालेली असते. मात्र वर्गणीवर आधारलेला न्यू स्टाइल इएसए हा भत्ता सरकारी निधीच्या यादीत नाही. तुम्ही येथे नोकरी करून नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे येथील सामाजिक विम्याची, पुरेशी वर्गणी भरली आणि नंतर काम करणे अशक्य झाले, तर तो मागता येतो. म्हणून तुमची स्वतःची नोकरी, अर्धवेळ असली तरी, येथे मोलाची ठरेल. उपचारांसाठी व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार भरावा लागतो, जो फेब्रुवारी 2024 पासून प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड आहे; तो भरला की आरोग्य सेवा येथील रहिवाशांप्रमाणे मिळते.

प्रतिसाद : राइनकाठ

जर्मनीबद्दल थोडे. येथे अपंगत्वाचे अंश मोजण्याची पद्धत भारतातील टक्केवारीसारखी वाटते, पण तिचा उपयोग वेगळा आहे. 20 पासून 100 पर्यंत दहादहाच्या पायऱ्या असतात आणि 50 मिळाल्यास तीव्र अपंगत्वाचे ओळखपत्र मिळते. कायदेशीर वास्तव्य करणारी परदेशी व्यक्तीही अर्ज करू शकते. त्यातून रोख रक्कम मिळत नाही. नोकरीतून काढण्याविरुद्ध विशेष संरक्षण, वर्षाला एक आठवड्याची जादा रजा आणि करसवलत मिळते. नोकरी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीसाठी हे कमी नाही.

काम करण्याची क्षमता गेल्यास मिळणारे निवृत्तिवेतन वर्गणीवर आहे. साधारण नियम असा की विम्याची पाच वर्षे पूर्ण हवीत आणि क्षमता जाण्यापूर्वीच्या पाच वर्षांत तीन वर्षांची सक्तीची वर्गणी हवी. दिवसाला तीन तासांपेक्षा कमी काम जमत असेल तर पूर्ण, आणि तीन ते सहा तासांदरम्यान जमत असेल तर अर्धे निवृत्तिवेतन. जी व्यक्ती ती पाच वर्षे होण्याआधीच पूर्णपणे अक्षम झाली आणि तेव्हापासून सलग तशीच आहे, तिला वीस वर्षांच्या विम्यानंतरच हक्क मिळतो. भारत आणि जर्मनी यांच्यात 1 मे 2017 पासून सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, म्हणून आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या जुन्या नोंदी जपून ठेवा आणि येथील पेन्शन विमा कार्यालयात त्या दाखवून काय धरता येईल ते लेखी विचारा.

ताई, तुमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी कदाचित शुश्रूषा विमा ठरेल. पती सरकारी आरोग्य विम्यात असतील आणि तुमचे स्वतःचे उत्पन्न नसेल किंवा फार थोडे असेल, तर तुम्हीही त्यात जादा पैसे न भरता समाविष्ट होता आणि त्यासोबत शुश्रूषा विम्यातही येता. मागील दहा वर्षांत दोन वर्षे या विम्यात काढली की मदत मागता येते. 2017 पासून गरजेच्या पाच श्रेणी आहेत. दुसऱ्या श्रेणीपासून घरातील माणसाने काळजी घेतली तर रोख रक्कम मिळते, जी 2025 मध्ये दुसऱ्या श्रेणीला महिना 347 युरो होती. पतींना खासगी आरोग्य विम्याचा पर्याय सुचवला गेला तर घाई करू नका. खासगी कंपन्या आधीचे आजार विचारतात. सरकारी विम्यात तो प्रश्नच येत नाही.

प्रतिसाद : निलगिरी

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत सुरुवात भत्त्यापासून करण्यात अर्थ नाही, कारण येथे व्हिसाच्याच टप्प्यावर आरोग्याची अट आहे. अर्जदार किंवा कुटुंबातील सदस्य यांच्या उपचारांवर आणि सामाजिक सेवांवर सरकारचा किती खर्च होईल याचा अंदाज काढतात, आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास व्हिसा नाकारला जाऊ शकतो. कायमस्वरूपी व्हिसासाठी एक सदस्य या अटीत अडला तर सामान्यतः संपूर्ण कुटुंब अडते. मल्टिपल स्क्लेरॉसिसची आधुनिक औषधे महाग असल्याने ही बाब तुम्हाला थेट लागू पडते. काही व्हिसांमध्ये या अटीतून सूट मागता येते, म्हणून पतींच्या कंपनीने नेमका कोणता व्हिसा ठरवला आहे हे होकार देण्यापूर्वी विचारून घ्या आणि नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराला दाखवा. आजार लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. खोटी माहिती दिल्याने व्हिसा नाकारला किंवा रद्द केला जाऊ शकतो आणि पुढील अर्जही अडतात.

कॅनडातही अशीच तपासणी आहे, पण तेथे 2018 मध्ये खर्चाची मर्यादा सरासरीच्या तिप्पट केली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवा त्या हिशेबातून काढल्या. ऑस्ट्रेलियाने अपंगत्वाच्या आधारे होणाऱ्या भेदभावाविरुद्ध 1992 मध्ये चांगला कायदा केला, पण स्थलांतराचे निर्णय त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. येथे राहणारा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार खटकते.

कायम रहिवासी झाल्यावर दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन हे उदरनिर्वाहासाठी आहे. त्यासाठी ठरलेल्या तक्त्यांनुसार 20 गुण लागतात आणि पुढील दोन वर्षांत आठवड्याला 15 तासही काम जमणार नाही असे दिसावे लागते. उत्पन्नाच्या हिशेबात जोडीदाराचा पगारही धरतात, त्यामुळे पतींची नोकरी चालू असताना ते मिळणे कठीणच. दहा वर्षांच्या वास्तव्याची अट सर्वांना माहीत असते, पण तिचा अपवाद फारसा माहीत नसतो: काम करण्याची असमर्थता येथे रहिवासी असताना निर्माण झाली, तर ती दहा वर्षे लागत नाहीत. आजाराचे निदान आधीचे असले तरी काम सुटल्याची वेळ निर्णायक असते. म्हणून तुम्ही भारतात आजही नोकरी करत आहात याचे पुरावे, म्हणजे वेतनपत्रके, नियुक्तिपत्र, मालकाचे पत्र, सोबत ठेवा. दुसरी व्यवस्था म्हणजे 2013 च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना, एनडीआयएस. तिला उत्पन्नाची अट नाही, दहा वर्षांची अटही नाही. वय 65 च्या आत हवे आणि नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य हवे. तीतून मदतनीस, उपकरणे, घरातील बदल अशा गोष्टींसाठी निधी मिळतो, दरमहा खर्चायला रोकड मिळत नाही.

भेटीसाठी मायदेशी जाताना हेही लक्षात असू द्या. येथील डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन सर्वसाधारणपणे बारा महिन्यांत 28 दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास थांबते.

प्रतिसाद : मोहर

प्रश्नात अमेरिका नाही, पण हा धागा वाचणाऱ्या अनेकांना ती लागू असेल, म्हणून थोडक्यात लिहिते. येथे दोन योजना आहेत. एक कामाच्या श्रेयांकांवर, म्हणजे कर भरलेल्या कमाईतून जमणाऱ्या गुणांवर, मिळते: साधारणपणे 40 श्रेयांक, त्यांपैकी 20 मागील दहा वर्षांतील, तरुणांना कमी. पैसे सुरू होण्यापूर्वी पाच महिने थांबावे लागते आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा बहुतेकांना हक्क सुरू झाल्यापासून 24 महिन्यांनी लागू होते. दुसरी, एसएसआय, गरजूंसाठी आहे. एका व्यक्तीकडे 2,000 डॉलरपेक्षा अधिक मोजण्याजोगी मालमत्ता नसावी ही तिची अट 1989 पासून बदललेली नाही. इतक्या वर्षांची महागाई पाहता ही अट माणसाला गरिबीतून बाहेर पडूच देत नाही. तात्पुरत्या व्हिसावरील जोडीदाराला काम करण्याची परवानगीच नसेल तर श्रेयांक जमत नाहीत, आणि भारताशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा करार नसल्याने येथील कामाची वर्षे तिथल्या वर्षांत मिळवता येत नाहीत.

आरोहिणी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. निलगिरी यांनी लिहिलेली काम सुटल्याच्या वेळेची बाब मला कोठेही वाचायला मिळाली नव्हती. आता दोनच शंका आहेत. डॉक्टरांकडून नेमके काय लिहून घ्यावे? आणि भारत, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया हे सगळेच देश संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला बांधील आहेत ना? मग परदेशी रहिवाशाला इतकी वर्षे बाहेर ठेवणे त्या करारात कसे बसते?

प्रतिसाद : हिरवळ

मी पुनर्वसन क्षेत्रात काम करते आणि असे अहवाल लिहिते, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देते. ‘रुग्णास मल्टिपल स्क्लेरॉसिस असून 60 टक्के अपंगत्व आहे’ हे वाक्य परदेशातील मूल्यमापकाला जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला हवे असते ते असे: किती अंतर चालल्यावर थांबावे लागते, थांबल्यावर पुन्हा केव्हा चालता येते, जिना कसा चढता, गरम भांडे उचलताना हाताची पकड सुटते का, थकव्यामुळे दिवसाचे किती तास पडून राहावे लागते, वर्षातून किती वेळा झटका येतो आणि तो ओसरायला किती आठवडे लागतात. डॉक्टर दवाखान्यात तुम्हाला थोडाच वेळ पाहतात, त्यामुळे हे तपशील त्यांच्याजवळ नसतात. रोजची छोटी नोंद ठेवा आणि ती त्यांना दाखवून, त्यांना योग्य वाटेल तितके अहवालात घ्यायला सांगा. नोंदीत चांगले दिवसही लिहा. निम्म्याहून अधिक दिवस अडचण येते हे दाखवायचे तर उरलेले दिवसही दिसले पाहिजेत, आणि केवळ वाईट दिवसांची यादी वाचणाऱ्याच्या मनात शंका निर्माण करते.

निदानाच्या काळातील मूळ कागद, एमआरआयचे अहवाल आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेल्याची तारीख दाखवणारा पुरावा वेगळा जपा. जपानमध्ये अपंगत्वाच्या पेन्शनचा संपूर्ण हक्क पहिल्या वैद्यकीय तपासणीच्या तारखेवर ठरतो. त्या दिवशी तुम्ही तेथील पेन्शन व्यवस्थेत होता की नाही, हे पाहतात. तेथील कायद्याने डॉक्टरांना नोंदी पाच वर्षेच ठेवाव्या लागतात, म्हणून जुनी तारीख सिद्ध करता न आल्याने लोक हक्काला मुकतात. तुम्ही जपानला जात नसलात, तरी तारखेचा प्रश्न या ना त्या रूपात प्रत्येक देशात येतो. आणखी एक विनंती: निघण्यापूर्वी औषधांची नावे, मात्रा आणि ती का निवडली याचे पत्र इंग्रजीत घ्या, आणि जर्मनीला जाणार असाल तर त्याचे अधिकृत भाषांतर करून घ्या.

प्रतिसाद : पाऊलवाट

दुसऱ्या शंकेबद्दल. संयुक्त राष्ट्रांचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला गेला आणि 3 मे 2008 पासून अमलात आला. त्याचे 28 वे कलम पुरेसे राहणीमान आणि सामाजिक संरक्षण यांविषयी आहे, 18 वे कलम संचार आणि नागरिकत्वाविषयी. तुम्ही म्हणता ते चारही देश त्याला बांधील आहेत. परंतु ऑस्ट्रेलियाने करार स्वीकारतानाच असे निवेदन दिले की परदेशी नागरिकांसाठीच्या आरोग्यविषयक अटींवर 18 व्या कलमाचा परिणाम होत नाही असे तो समजतो. अमेरिकेने 2009 मध्ये सही केली, पण सिनेटची मान्यता मिळालेली नाही. करार सरकारांवर कर्तव्य टाकतो. कार्यालयातील अधिकारी मात्र देशातील कायदाच पाहतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगातील तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींपैकी फक्त एक तृतीयांशांपर्यंत रोख मदत पोहोचत होती, हे पाहिले की कागदावरील हक्क आणि हातातील हक्क यांत किती अंतर आहे ते समजते.

देशांतर्गत कायद्याच्या बळावर हे अंतर कमी झाल्याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. दक्षिण आफ्रिकेत सामाजिक अनुदाने फक्त नागरिकांना देण्याची तरतूद होती. 2004 मध्ये खोसा प्रकरणात तेथील घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला की सामाजिक सुरक्षेचा हक्क ‘प्रत्येकाला’ आहे असे राज्यघटना म्हणते, म्हणून कायम रहिवाशांना वगळता येणार नाही. आज तेथील अपंगत्व अनुदान नागरिकांबरोबर कायम रहिवासी आणि निर्वासित यांनाही मागता येते. हा बदल घडला तो, नाकारलेल्या माणसांनी नकार मान्य केला नाही म्हणून.

वैयक्तिक पातळीवरही तेच करावे लागते. ब्रिटनमध्ये पिप नाकारल्यास एका महिन्याच्या आत फेरविचार मागायचा असतो, आणि त्यानंतर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. फेरविचारात बहुतेक निर्णय तसेच राहतात, त्यामुळे खचून पुष्कळ जण तिथेच थांबतात; परंतु न्यायाधिकरणासमोर सुनावणी झालेल्या पिपच्या अपिलांपैकी निम्म्याहून बरीच अधिक अर्जदाराच्या बाजूने गेलेली आहेत. तुम्ही पुढे कधी त्या टप्प्यावर आलात, तर निर्णयाचे पत्र आल्याबरोबर मूल्यमापकाच्या अहवालाची प्रत मागवा. ती मागितल्याशिवाय सहसा पाठवत नाहीत, आणि कोणत्या कृतीला कोणत्या कारणाने गुण दिले नाहीत हे पत्रापेक्षा त्या अहवालात अधिक सविस्तर लिहिलेले असते. त्यातील प्रत्येक विधानासमोर हिरवळ यांनी सांगितलेल्या नोंदींतील तारखा लिहा, आणि अपिलाचे निवेदन त्या क्रमानेच तयार करा.